जुन्या मशीनसाठी सॉफ्टवेअर बनवताना वेग का सोडावा लागतो?

आमच्या कासुर्डीच्या घरात एक नेटबुक आहे. २००९ च्या आसपासचं, इंटेलचा अ‍ॅटम एन२७० प्रोसेसर, १ जीबी रॅम, दहा इंची स्क्रीन. माझ्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, पुण्यात शिकायला असताना ते सेकंडहँड घेतलं होतं. आता त्यावर माझी धाकटी बहीण मराठी टायपिंगचा सराव करते. तिला जीसीसी-टीबीसीची ३० शब्दांची परीक्षा द्यायची आहे आणि क्लासमध्ये कॉम्प्युटर रोज एकच तास मिळतो. उरलेला सराव घरी, या नेटबुकवर.

त्यावर मी डेबियन नावाचं लिनक्स टाकलेलं आहे. ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियनची तेरावी आवृत्ती, 'ट्रिक्सी', आली. मी उत्साहाने अपग्रेड करायला बसलो, आणि नशीब म्हणजे आधी रिलीज नोट्स वाचल्या. त्यात सरळ लिहिलं होतं की जुन्या ३२-बिट पीसीवाल्यांनी या आवृत्तीवर येऊ नये. शक्य असेल तर ६४-बिट डेबियन नव्याने टाका, नाहीतर ते हार्डवेअर निवृत्त करा. एन२७० हा ३२-बिटच प्रोसेसर आहे, त्यामुळे पहिला पर्याय आम्हाला नाही. ट्रिक्सीत ३२-बिट पीसीसाठी ना कर्नल आहे, ना इन्स्टॉलर.

दादाचं यवतला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याला सांगितलं तर म्हणाला, "मी दोन वर्षं तेच सांगतोय तुला. भंगारात दे." म्हणजे डेबियनचं आणि दादाचं एकमत झालं.

पण मला प्रश्न पडला तो वेगळा. डेबियन म्हणजे काही नफ्यासाठी नवे लॅपटॉप खपवणारी कंपनी नाही. जगभरातले स्वयंसेवक ते बनवतात. त्यांना जुनं मशीन का नकोसं झालं? शोधत गेलो तेव्हा कळलं की ही गोष्ट एका दिवसात झालेली नाही. आधी कित्येक वर्षं ते लोक जुन्या मशीनसाठी एक सौदा करत आले: सॉफ्टवेअर थोडं हळू चाललं तरी चालेल, पण ते बनलं पाहिजे. तो सौदा समजून घेणं तुमच्या फोनसाठीही उपयोगाचं आहे, म्हणून हा लेख.

आधी 'बिल्ड' म्हणजे काय ते

आपण अ‍ॅप किंवा सॉफ्टवेअर डाउनलोड करतो ते तयार माल असतं. प्रोग्रामरने लिहिलेला कोड कंपायलर नावाच्या प्रोग्राममधून जातो आणि प्रोसेसरला कळेल अशा भाषेत उतरतो. मग लिंकर नावाचा दुसरा प्रोग्राम हे सगळे तुकडे जोडून एक फाइल बनवतो. या सगळ्याला बिल्ड म्हणतात.

कंपायलरला सांगता येतं की किती डोकं लावायचं. ओ० म्हणजे जसं लिहिलंय तसं उतरव, विचार करू नको. ओ१ म्हणजे थोडं सुधार. ओ२ म्हणजे बऱ्यापैकी मेहनत घे. बहुतेक लिनक्सवरचं सॉफ्टवेअर ओ२ वर बनतं. त्यापुढे एलटीओ नावाचा प्रकार आहे. नेहमी कंपायलर एका वेळी एकच फाइल बघतो. एलटीओमध्ये अख्खा प्रोग्राम एकदम समोर ठेवून, कुठला भाग कुठे वापरला जातो ते बघून सुधारणा होते. आणखी एक पीजीओ. यात प्रोग्राम आधी चालवून बघतात, कुठला भाग जास्त वापरला जातो ते नोंदवतात आणि त्या नोंदीवरून पुन्हा बिल्ड करतात.

या सगळ्यांनी प्रोग्राम पळतो छान. पण बिल्ड करताना मेमरी लागते भरपूर, कारण कंपायलरला खूप गोष्टी एकाच वेळी लक्षात ठेवाव्या लागतात.

काहील केवढी?

इथे बहुतेकांचा एक गैरसमज होतो, माझाही होता. मला वाटायचं, मेमरी कमी पडते तर रॅम वाढवा, विषय संपला.

आमच्या दौंड तालुक्यात गुऱ्हाळं भरपूर आहेत. ज्यांनी गुऱ्हाळ बघितलंय त्यांना लगेच कळेल. उसाचा रस काहिलीत उकळतो. काहील केवढी आहे ते ठरलेलं असतं. तुमच्याकडे ट्रॉलीभर जास्तीचा ऊस असला, चुलवणाला जळण ढीगभर असलं, तरी काहिलीत मावेल तेवढाच रस मावतो. जास्त ओतला तर उतू जाणार.

३२-बिटचं तसंच आहे. ३२-बिट प्रोग्रामला मेमरीतल्या जागेचा पत्ता लिहायला ३२ आकडेच मिळतात, आणि तेवढ्यात जास्तीत जास्त ४ जीबीचे पत्ते लिहिता येतात. मशीनमध्ये ६४ जीबी रॅम असली तरी त्या एका प्रोग्रामला ४ जीबीच्या पुढचं दिसतच नाही. ३२-बिट कर्नलवर तर साधारण ३ जीबीच मिळतात. एमआयपीएस नावाच्या जुन्या प्रोसेसरच्या ३२-बिट प्रकारात ही काहील फक्त २ जीबीची आहे.

आता कंपायलर आणि लिंकर हेसुद्धा प्रोग्रामच. ब्राउझरसारखं अवाढव्य सॉफ्टवेअर ३२-बिट कंपायलरने बनवायला घेतलं की कंपायलरच उतू जातो. एरर येते, बिल्ड थांबतो, हातात काहीच लागत नाही.

हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर गाजलं ते डिसेंबर २०११ मध्ये. फायरफॉक्सची विंडोज आवृत्ती पीजीओ लावून बनवत होते. लिंकर ३२-बिट होता. आधी तो २ जीबीच्या मर्यादेला धडकला होता, तेव्हा विंडोजला खास सेटिंग देऊन ३ जीबीपर्यंत वाढवून घेतलं होतं. २०११ च्या शेवटी तेही भरलं. कोड इतका वाढला होता की फायरफॉक्स बनेचना, आणि मोझिलाला काही काळ नवा कोड घेणंच थांबवावं लागलं. मग काही भागांवरची मेहनत कमी केली आणि बिल्ड ६४-बिट विंडोजवर नेला, जिथे ३२-बिट लिंकरला पूर्ण ४ जीबी मिळतात. लक्षात घ्या, फायरफॉक्स चालायला ३ जीबी लागत नव्हते. तो बनवायला लागत होते.

मग मेंटेनर काय करतात

मोझिलाने जे केलं तेच डेबियनमध्ये वर्षानुवर्षं छोट्या प्रमाणात चाललं. डेबियनचा एक नियम समजून घ्या, त्याशिवाय गंमत कळणार नाही. डेबियन ज्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी पॅकेज देतं, ते शक्यतो त्याच प्रकारच्या वातावरणात बनवतं. ३२-बिटचं पॅकेज ३२-बिट कंपायलरनेच बनतं, मग खालचं मशीन ६४-बिट का असेना. आणि एखादं पॅकेज आधी बनत होतं पण आता एका जरी अधिकृत प्रकारावर बनलं नाही, तर त्याची नवी आवृत्ती पुढच्या टप्प्यात जाताना सगळ्यांसाठीच अडकते. ट्रिक्सीत सुमारे ७० हजार पॅकेजेस आहेत. त्यात ब्राउझर इंजिनसारखं एक जरी ३२-बिटवर अडकलं तर नव्या लॅपटॉपवाल्याचं अपडेटही खोळंबतं.

त्यामुळे मेंटेनर पॅकेजच्या फाइलमध्ये एक ओळ टाकतो: हा प्रोसेसर ३२-बिट असेल तर अमुक गोष्ट बंद. काय काय बंद होतं? सगळ्यात आधी डीबग माहिती. ही माहिती प्रोग्राम बिघडला तर दोष शोधायला लागते आणि ती प्रचंड जागा खाते. वेबकिटसारख्या पॅकेजांत ३२-बिटवर ती अगदी किमान ठेवतात. मग लिंकरला सांगतात की वाचलेलं लक्षात ठेवू नको, लागलं तर परत वाच. वेळ जातो पण मेमरी वाचते. अनेक फाइली एकत्र करून पटकन कंपाइल करायची सोय असते, ती बंद. एका वेळी चार कामं चालत असतील तर एकच चालवायचं. एलटीओ बंद. एवढं करूनही नाही भागलं तर ओ२ वरून ओ१.

यातल्या पहिल्या तीन-चार गोष्टींनी फक्त बिल्ड हळू होतो किंवा दोष शोधणं अवघड होतं, वापरणाऱ्याला फरक जाणवत नाही. शेवटच्या दोनमध्ये मात्र तुमच्या-माझ्या मशीनवर सॉफ्टवेअर खरंच हळू चालतं. म्हणून तो क्रम महत्त्वाचा. घाईत असलेला मेंटेनर कधी कधी सरळ शेवटच्या पायरीवर उडी मारतो, आणि एकदा टाकलेली ती ओळ काढायची आठवण कोणाला राहत नाही. कंपायलरमधला एखादा दोषही असाच झाकला जातो: ओ२ वर प्रोग्राम चुकीचा बनतो, ओ१ वर नीट, मग ओ१ करून मोकळे. खरा दोष तसाच राहतो. मला हे पटत नाही, पण ज्याला फुकटात, नोकरी सांभाळून, रात्री हे काम करायचंय त्याला नावं ठेवायचीही माझी तयारी नाही.

अजून एक गोष्ट मला हे वाचताना नव्याने कळली, आणि ती महत्त्वाची आहे. "मग सरळ ओ० का नाही करत?" असं मला वाटलं होतं. ओ० करून चालत नाही, कारण सुरक्षेचा एक भाग ऑप्टिमायझेशनवरच टिकून आहे. फॉर्टिफाय सोर्स नावाची तपासणी असते. प्रोग्राम मेमरीत ठरलेल्या जागेच्या बाहेर लिहायला गेला तर ती पकडते. ही तपासणी किमान ओ१ असेल तरच काम करते. आणि लिनक्सचा कर्नल तर ओ० वर बनतच नाही. म्हणजे वेग सोडायचा तोही किती, याला खालून एक मर्यादा आहे.

उबंटूने या भानगडीतून वेगळा रस्ता काढला. २०२१ मध्ये त्यांनी एलटीओ डीफॉल्ट चालू केलं, पण ६४-बिटसाठीच. आणि ज्या पॅकेजांना ते झेपत नाही त्यांची एक यादीच ठेवली, की यांच्यासाठी बंद. यादी असल्यामुळे निदान कळतं तरी की कुठे तडजोड केलीय.

तडजोड संपते कधी

सॉफ्टवेअर दरवर्षी वाढतं, काहील वाढत नाही. त्यामुळे हा सौदा कायमचा नव्हताच. ट्रिक्सी येईपर्यंत डेबियनमधून ३२-बिट एमआयपीएस गेलं होतं आणि त्यामागे ती २ जीबीची मर्यादा हे एक मोठं कारण होतं. जुन्या एआरएम चिप्सचा 'आर्मेल' प्रकार ट्रिक्सीनंतर बंद. ३२-बिट पीसीचा प्रकार नावापुरता उरलाय: ६४-बिट मशीनवर एखादा जुना प्रोग्राम चालवायचा असेल तर.

त्यातच १९ जानेवारी २०३८ ची तारीख आहे. जुने ३२-बिट प्रोग्राम वेळ सेकंदांत मोजून ३२-बिट आकड्यात ठेवतात, आणि तो आकडा त्या दिवशी भरतो. डेबियनने ३२-बिट एआरएमसाठी हजारो पॅकेजेस पुन्हा बनवून हे दुरुस्त केलं. ३२-बिट पीसीसाठी मुद्दाम केलं नाही, कारण तसं केलं तर जुने प्रोग्राम चालणार नाहीत, आणि तो प्रकार आता जुने प्रोग्राम चालवायलाच ठेवलाय. तर्क बरोबर आहे. पण माझ्या नेटबुकसारख्यांचं दार त्याने बंद झालं.

ब्राउझरवाल्यांनी तर आधीच हात वर केले. गुगलने ३२-बिट लिनक्ससाठी क्रोम मार्च २०१६ मध्ये बंद केलं. मोझिलाने फायरफॉक्स १४४ ही शेवटची आवृत्ती ठरवली. नोव्हेंबर २०२५ मधल्या १४५ पासून ३२-बिट लिनक्स नाही. ज्यांना नाइलाज आहे त्यांच्यासाठी ईएसआर १४० ही दीर्घ मुदतीची आवृत्ती, तिला सप्टेंबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट देऊ असं सांगितलं.

हे सगळं परदेशातलं वाटत असेल तर एक आठवण करून देतो. आपल्या सी-डॅकचं, ज्याची सुरुवात १९८८ मध्ये पुण्यात झाली, बॉस लिनक्स हे डेबियनवरच बेतलेलं आहे. वर धरणातून पाणी सुटलं नाही तर खाली चारीला येणार कुठून?

उलट उदाहरणही आहे आणि मला ते फार आवडतं. रास्पबेरी पाय हे छोटं बोर्ड तुमच्यापैकी काहींनी कॉलेजच्या प्रोजेक्टला वापरलं असेल. २०१२ च्या पहिल्या पायमध्ये एआरएमव्ही६ जातीची चिप होती. डेबियनचा नेहमीचा ३२-बिट एआरएम प्रकार त्याहून नव्या एआरएमव्ही७ साठी बनतो, त्यामुळे तो त्यावर चालत नाही. मग एआरएमव्ही६ साठी सगळी पॅकेजेस वेगळी बनवली गेली, आणि अजूनही रास्पबेरीवाल्यांची ३२-बिट आवृत्ती पहिल्या पायवरही चालते आणि नव्यावरही. नव्या पायवर ती आवृत्ती टाकली तर त्याची पूर्ण ताकद वापरली जात नाही. पण दहा-बारा वर्षांपूर्वीचं बोर्ड आजही अपडेट घेतं. फरक एवढाच की त्यांच्यामागे कंपनी आहे.

तुमच्या फोनमध्ये हेच

घरात २०१५ च्या आसपासचा एखादा अँड्रॉइड फोन असेल तर आठवा. अपडेटनंतर फोन चालू करताना स्क्रीनवर यायचं: ऑप्टिमायझिंग अ‍ॅप, ८७ पैकी १. चहा पिऊन आलं तरी ४० वर असायचं. २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून फोन प्रत्येक अ‍ॅप आधीच पूर्ण कंपाइल करून ठेवायचा. अ‍ॅप उघडायला वेग यायचा, पण ८ जीबी स्टोरेजच्या फोनमध्ये त्यानेच जागा भरायची. २०१६ मध्ये अँड्रॉइड ७ ने ते सोडलं. आता अ‍ॅप पटकन इन्स्टॉल होतं, वापरताना गरजेपुरतं कंपाइल होतं, आणि जो भाग तुम्ही जास्त वापरता तोच फोन चार्जिंगला लावून बाजूला ठेवलेला असताना नीट कंपाइल होतो. पीजीओच हे, फक्त तुमच्या बोटांच्या सवयीवरून.

३२-बिटची गोष्टही फोनमध्ये घडतेय. १ ऑगस्ट २०१९ पासून प्ले स्टोअरवर अ‍ॅपसोबत ६४-बिट आवृत्ती देणं बंधनकारक झालं. ऑक्टोबर २०२२ चा पिक्सेल ७ तर ३२-बिट अ‍ॅप घेतच नाही. दुसरीकडे स्वस्त फोनांत अनेकदा चिप ६४-बिट असून अँड्रॉइड ३२-बिट टाकलेलं असतं, कारण ते रॅम कमी खातं. म्हणजे तिथे कंपनीने वेग सोडून फोन चालता ठेवला. पण अ‍ॅप बनवणाऱ्याने उद्या ३२-बिटचा बिल्ड काढायचं थांबवलं, तर तो फोन बिघडलेला नसूनही त्यावर अ‍ॅप येणार नाही. आमच्या अप्पांच्या फोनवर एका बँकेचं अ‍ॅप असंच गेलं. "तुमच्या डिव्हाइससाठी उपलब्ध नाही" एवढंच लिहून येतं. अप्पांना वाटलं खातंच बंद झालं. सकाळीच यवतच्या शाखेत जाऊन बसले.

फोन घेताना दुकानदार कॅमेरा सांगतो, रॅम सांगतो. अँड्रॉइड ३२-बिट आहे की ६४-बिट, आणि सुरक्षा अपडेट किती वर्षं, हे विचारा. त्याला माहीत नसेल तर फोन हातात घेऊन सेटिंगमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख तरी बघा. प्रोसेसरची माहिती दाखवणारं कुठलंही अ‍ॅप ३२ की ६४ ते सांगतं.

आमच्या नेटबुकचं पुढे काय झालं

दिवाळीच्या सुट्टीत मी हट्टाने एक प्रयोग केला. बहिणीला हवा होता तसा टायपिंगचा एक छोटा प्रोग्राम सोर्सवरून त्याच नेटबुकवर बनवायला घेतला. ओ२, दोन कामं एका वेळी. वीस मिनिटांनी स्क्रीनवर एकच शब्द: किल्ड. १ जीबी रॅम संपली आणि कर्नलने कंपायलरलाच मारलं. मग डीबग माहिती बंद केली, एका वेळी एकच काम ठेवलं आणि पुन्हा लावलं. मध्यरात्री लाइट गेली. नेटबुकची बॅटरी दहा मिनिटांची, तीही गेली. तिसऱ्या वेळी ज्या दोन फाइली अडत होत्या तेवढ्यांनाच ओ१ दिलं, बाकी ओ२ ठेवलं. पहाटे चारला प्रोग्राम तयार झाला.

बहिणीला मी विचारलं, "हळू वाटतंय का?" ती म्हणाली, "दादा, माझी बोटंच एवढी पळत नाहीत."

नेटबुकवर डेबियनची बारावी आवृत्ती, 'बुकवर्म', तशीच ठेवली आहे. तिची दीर्घकालीन देखभाल जून २०२८ पर्यंत आहे. ब्राउझर मात्र त्यावर वापरायचा नाही असं आम्ही ठरवलंय. ऑनलाइन फॉर्म, बँक, हॉलतिकीट हे सगळं माझ्या फोनवरून. वायफायचा पासवर्ड मी त्यातून काढून टाकला. महिन्यातून एकदा मी घरी आलो की हॉटस्पॉट लावून अपडेट घेतो आणि परत बंद करतो. दादाने दुकानातून जुनी बॅटरी आणून बसवली, आता चाळीस मिनिटं चालतं. कालच्या सरावात बहिणीचा वेग मिनिटाला २६ शब्द आला.